खिडकीतला दिवा कुणी काढायचा? बिलिंग्ज, १९९३

२ डिसेंबर १९९३, गुरुवार. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं बिलिंग्ज शहर. संध्याकाळी एका घराच्या खिडकीची काच फोडून सिमेंटच्या विटेचा तुकडा आत आला. खोली पाच वर्षांच्या मुलाची होती. खिडकीत हनुकियाचं, म्हणजे नऊ दिव्यांच्या दीपदंडाचं चित्र लावलेलं होतं, आणि ते रस्त्यावरून दिसावं म्हणूनच तिथे होतं. मुलाला लागलं नाही. हनुक्का या ज्यूंच्या सणाची पहिली वात लागायला अजून सहा दिवस होते.

तपासाला आलेल्या पोलिसाने आईला सांगितलं, खिडकीतली चिन्हं काढून टाका. गोळी अडवणाऱ्या काचेचाही विषय निघाला. आईने स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीदाराला एकच गोष्ट विचारली: हे मी मुलाला समजावू कसं?

मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि हे प्रकरण दरवर्षी वर्गात घेते. इथपर्यंत सांगून थांबते आणि विचारते, पोलिसाचं चुकलं का? झाडून सगळे हात वर होतात. मग म्हणते, खोली तुमच्या धाकट्या बहिणीची असती तर? निम्मे हात खाली येतात. जे वर राहतात त्यांना बहुधा बहीण नसते.

पोलिसाचा सल्ला मूर्खपणाचा नव्हता, ही या प्रकरणातली पहिली अडचण. दुसरी अडचण अशी, की हाच सल्ला खुद्द ज्यू धर्मशास्त्रातही आहे.

हनुक्का हा ज्यूंच्या पंचांगातला तसा धाकटा सण. शब्बाथसारखी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासारखी, कामाची बंदी नाही, दुकानं चालू असतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सेल्युकिड राजा चौथा अँटायोकस याने जेरुसलेमचं मंदिर बाटवलं, मक्काबी बंधूंनी बंड करून ते परत मिळवलं, आणि एक दिवस पुरेल एवढंच शुद्ध तेल आठ दिवस जळलं, अशी त्यामागची कथा. म्हणून आठ संध्याकाळी दिवे लावायचे: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे चढत्या क्रमाने आठ. नववा शमाश, म्हणजे इतरांना पेटवणारा. या आठ दिव्यांच्या उजेडात वाचायचं नाही, काम करायचं नाही, फक्त बघायचं. आणि दुसऱ्यांनीही बघावं अशा जागी ते ठेवायचे. याला ‘पिर्सुमेई निसा’ म्हणतात, चमत्काराची जाहीर वाच्यता. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या ‘शबात’ या भागात जागा नेमून दिली आहे: दिवा दाराबाहेर ठेवावा, वरच्या मजल्यावर राहत असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत. आणि लगेच पुढे: संकटाच्या काळी घरातल्या मेजावर ठेवला तरी पुरे.

शास्त्रकारांना माणसं माहीत होती. सण लपवला तर त्याचा अर्थच जातो, हे त्यांनी मान्य केलं. आणि जिवावर बेतणार असेल तर लपवा, हेही. म्हणजे बिलिंग्जच्या आईने चित्र काढून हनुकिया आतल्या टेबलावर नेली असती, तर धर्माच्या दृष्टीने तिच्याकडे कुणी बोट दाखवू शकलं नसतं. आता संकटाचा काळ आला आहे हे ठरवायचं कुणी, एवढाच प्रश्न उरत होता. त्या संध्याकाळपुरतं ते वीट फेकणाऱ्याने ठरवलं होतं.

बिलिंग्ज यलोस्टोन नदीकाठचं, वाळूच्या दगडाच्या उंच कड्यांखाली वसलेलं शहर. तेव्हाची वस्ती साधारण ८० हजार, बहुसंख्य गोरी आणि ख्रिस्ती. ज्यू कुटुंबं पन्नासच्या आसपास, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, एकच, बेथ आरॉन. शेजारच्या आयडाहोत हेडन लेकजवळ ‘आर्यन नेशन्स’ या वर्णद्वेषी संघटनेचा तळ होता. वायव्येकडची वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग ही पाच राज्यं गोऱ्यांची मायभूमी करायची, अशी स्वप्नं १९८० च्या दशकापासून तिथे रंगवली जात होती. १९९३ सालात बिलिंग्जमध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची पत्रकं वाटली गेली. ज्यू दफनभूमीतल्या शिळा पाडल्या गेल्या. कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या चर्चमध्ये उपासना चालू असताना डोकं तासलेली, वर्णद्वेषी टोळीतली पोरं येऊन मागे उभी राहायला लागली. एका मूलनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) बाईच्या घरावर स्वस्तिक, म्हणजे हिटलरचं वाकडं, आणि शिवीगाळ रंगवली गेली. शहराच्या सिम्फनीच्या ज्यू संचालकाच्या घरावर बाटली फेकून काच फोडली गेली. वीट आली ती या माळेतली.

आणि ती आलीही कुठल्याही ज्यू घरावर नाही. मुलाची आई शहरातल्या मानवी हक्क गटात काम करणारी, उघडपणे बोलणारी होती. बोलणाऱ्याच्या घरावर दगड मारला की न बोलणारी पन्नास घरं आपोआप समजून घेतात. हे तंत्र जुनं आहे, बिलिंग्जमध्ये शोधलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासूनचा क्रम बारकाईने बघावा असा आहे, कारण नंतर या घटनेची जी गोड कथा झाली तिच्यात तो पुसला गेला.

वर्तमानपत्रात आईचा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी एक होत्या मार्गारेट मॅकडोनाल्ड, मोंटाना असोसिएशन ऑफ चर्चेसच्या कार्यकारी संचालक. त्यांना स्वतःची लहान मुलं होती. त्यांनी कल्पना करून पाहिली: यंदा आपल्या खिडकीत ख्रिसमसचं झाड ठेवायचं नाही, दारावर हिरवा हार लावायचा नाही, कारण ते सुरक्षित नाही, असं आपण मुलांना कसं सांगणार? एवढंच. मी वर्गात याचं मराठी करून सांगते: दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हवालदार दारात येऊन म्हणतो, बाई, तेवढा आकाशकंदील उतरवून ठेवा. वर्गात शांतता पसरते. प्रत्येकाला कंदिलाची वायर कुठल्या खिडकीतून बाहेर काढतात ते आठवत असतं.

मॅकडोनाल्डबाईंना त्याच वेळी एक गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी डेन्मार्कमधल्या ज्यूंना पिवळा तारा लावायला सांगितलं, तेव्हा राजा दहावा ख्रिस्तियान स्वतः तारा लावून बाहेर पडला, मग सगळ्या प्रजेनेही लावला. त्यांनी आपले धर्मगुरू कीथ टॉर्नी यांना फोन केला. सगळ्यांनीच आपापल्या खिडकीत हनुकिया लावली तर? टॉर्नींनी शहरातल्या इतर धर्मगुरूंना फोन लावले. चित्राच्या झेरॉक्स निघाल्या, रविवारच्या शाळेतल्या मुलांनी त्या रंगवल्या, आणि आठवडाभरात काहीशे घरांच्या काचेवर कागदी हनुकिया दिसू लागल्या.

डेन्मार्कची ती गोष्ट घडलेलीच नाही. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर पिवळ्या ताऱ्याची सक्ती कधी झालीच नव्हती, त्यामुळे राजाने तो लावण्याचाही प्रश्न आला नाही. ही दंतकथा आहे, फार लोकप्रिय आणि फार सुबक. हे सांगितलं की विद्यार्थ्यांना फसवल्यासारखं वाटतं. न घडलेल्या घटनेवरून एवढं सगळं उभं राहिलं? राहिलं. पण घडलेली गोष्ट काय होती तेही बघा. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये धरपकड होणार असल्याची कुणकुण लागताच डॅनिश लोकांनी सात हजारांच्या वर ज्यूंना लपवलं आणि मासेमारीच्या होड्यांतून समुद्रापार स्वीडनला पोचवलं. त्यात राजा नाही. कोळी आहेत, दवाखान्यातले कर्मचारी आहेत, शेजारीपाजारी आहेत. मला तर वाटतं, बिलिंग्जने दंतकथेतल्या राजाची नक्कल करायला जाऊन नकळत खऱ्या कोळ्यांची नक्कल केली.

आता पोलीस. बिलिंग्जचे पोलीस प्रमुख वेन इनमन हे याआधी ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या पोलीस दलात होते. तिथे १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मुलुगेता सेराव या इथिओपियन तरुणाला अशाच टोळीतल्यांनी बॅटने मारून ठार केलं होतं. पत्रकं, मग भिंतीवरची रंगरंगोटी, मग काच, मग माणूस, ही चढण त्यांनी पाहिलेली होती. आपल्या खात्यातल्या माणसाने दिलेला सल्ला एका घरापुरता बरोबर आहे आणि शहरापुरता घातक, हे ओळखणारा माणूस योगायोगाने त्या खुर्चीत बसलेला होता. लोक फोन करून विचारायचे, आम्ही हनुकिया लावली तर धोका आहे का? इनमन खोटा धीर देत नसत. धोका आहे, पण न लावण्यात जास्त आहे, असं त्यांचं उत्तर असे.

११ डिसेंबरला, शनिवारी, ‘बिलिंग्ज गॅझेट’ने हनुकियाचं पानभर चित्र छापलं आणि वाचकांना ते कापून खिडकीत लावायचं आवाहन केलं. त्या संध्याकाळी हनुक्काची चौथी वात होती. खेळाचं साहित्य विकणाऱ्या एका दुकानदाराने रस्त्यावरच्या आपल्या मोठ्या फलकावरची जाहिरात उतरवून तिथे लिहिलं: आमच्या गावात नाही. द्वेष नाही, हिंसा नाही, पृथ्वीवर शांती. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर या प्रकरणावर आलेल्या माहितीपटाला या फलकातलेच शब्द नाव म्हणून मिळाले.

मग जे व्हायचं ते झालं. कागद लावलेल्या काही घरांच्या, चर्चच्या काचा फुटल्या. एका कॅथलिक शाळेने आपल्या ज्यू मित्रांना हनुक्काच्या शुभेच्छा देणारा फलक लावला होता, तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. ज्यू नसलेल्या काही कुटुंबांच्या गाड्यांच्या काचा फोडल्या आणि वर फोन करून सांगितलं, ज्यूंचा पुळका आलाय ना, जाऊन गाडी बघा.

प्रकरणाचा कणा इथे आहे असं मी मानते. या क्षणी मोहीम ढेपाळू शकली असती. उत्साहाने कागद लावणं आणि शेजाऱ्याची गाडी फुटल्यावर कागद तसाच राहू देणं या दोन वेगळ्या गोष्टी. लोकांनी राहू दिला, आणि आणखी लावले. महिनाअखेरीपर्यंत सहा ते दहा हजार घरांच्या खिडक्यांत हनुकिया होत्या, असा अंदाज सांगितला जातो. आकडा कुणी दारोदार फिरून मोजलेला नाही. पण निम्मा धरला तरी पन्नास कुटुंबांसाठी ते पुष्कळ झालं. फेकणाऱ्याकडे एवढ्या विटा नव्हत्या, आणि मुख्य म्हणजे आता कुठलं घर ज्यूचं हे खिडकीवरून कळेनासं झालं.

त्या आईने मुलाला गाडीत घालून शहरातून फिरवलं. त्याने विचारलं, ही सगळी माणसं ज्यू आहेत? ती म्हणाली, नाही, तुझे मित्र आहेत. ही आठवण सगळीकडे सांगितली जाते आणि त्यावर डोळे पुसून लोक उठतात. मी तिथे वर्गाला उठू देत नाही.

कारण विचारायचे प्रश्न यानंतर सुरू होतात. पहिला: हे सगळं एका फोनवर उभं राहिलं का? नाही. त्या मूलनिवासी बाईच्या घरावर घाण रंगवली गेली तेव्हा रंगाऱ्यांच्या युनियनची माणसं ब्रश आणि डबे घेऊन आली आणि तासाभराच्या आत भिंत रंगवून गेली. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये इतर चर्चची माणसं रविवारी जाऊन बाकांवर बसायला लागली, आणि मागे उभं राहणाऱ्यांनी येणं सोडलं. इनमन आधीपासून बोलत होते, मानवी हक्कांचा गट आधीपासून बैठका घेत होता. टॉर्नींनी ज्यांना फोन केले ते लोक एकमेकांना ओळखत होते. फोनवर प्रस्तावनेला वेळ गेला नाही. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द या प्रकरणाला लावला की मला चीड येते. ज्यांनी वर्षभर कंटाळवाण्या बैठकांना हजेरी लावली त्यांच्यावर तो अन्याय आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे. त्या मूलनिवासी बाईसाठी दहा हजार खिडक्यांत काही लागलं का? नाही लागलं. तिच्यासाठी रंगारी आले, बघायला आणि धीर द्यायला लोकही आले, पण शहराने खिडकीत काही टांगलं नाही. का? डिसेंबर होता, सण होता, कापून लावता येईल असं सुबक चिन्ह होतं, पाच वर्षांचं मूल होतं. शहराच्या सहानुभूतीला आकार लागतो. मोंटानात मूलनिवासींची संख्या ज्यूंपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि त्यांच्या वाट्याला येणारा द्वेष रोजचा आहे, डिसेंबरपुरता नाही. बिलिंग्जचं कौतुक करताना हा हिशेब मिटवून टाकू नये.

तिसरा: दुसऱ्यांच्या धर्माचं चिन्ह आपल्या खिडकीत लावावं का? सिनेगॉगमधल्या सगळ्यांनाच या गाजावाजाने आनंद झाला होता असं नाही. आपण नजरेत येऊ नये अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या माणसांना अचानक सगळं शहर आपलंच चिन्ह मिरवताना पाहून काय वाटलं असेल, याचा विचार मी विद्यार्थ्यांना करायला लावते. माझं मत विचाराल तर कागदी चित्र लावण्यात गैर काही नव्हतं. कुणी आशीर्वचनं म्हणत वात पेटवली नाही, विधी ज्यांचा होता त्यांच्याकडेच राहिला. शेजाऱ्यांनी दिव्याचा अर्थ उचलला नाही, त्याच्यावरचा धोका उचलला. पण हे मी बाहेरून बोलते आहे.

तुलनेसाठी मी एक फोटो दाखवते. जर्मनीतलं कील शहर, १९३१ चा हनुक्का. खिडकीच्या कट्ट्यावर पितळी हनुकिया, आणि काचेपलीकडे रस्त्याच्या समोरच्या इमारतीवर लटकणारा नाझी झेंडा. फोटो काढला राहेल पोझ्नर यांनी. त्यांचे पती अकिवा पोझ्नर कीलचे रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते. राहेलबाईंनी फोटोच्या मागे दोन ओळी लिहून ठेवल्या, त्यांचा आशय असा: झेंडा म्हणतो यहुदा (म्हणजे ज्यू) मरो, दिवा म्हणतो यहुदा सदा जगेल. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा वर्षाहून थोडा जास्त अवधी होता. १९३३ मध्ये पोझ्नर कुटुंबाने जर्मनी सोडलं.

तालमूदचा नियम त्यांनी जसाच्या तसा पाळला: रस्त्याकडची खिडकी. धैर्यात कील बिलिंग्जच्या तसूभरही मागे नाही, उलट पुढेच. तरी तिथे एक दिवा होता आणि समोर एक झेंडा. रस्त्यावरच्या बाकीच्या खिडक्यांबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. धैर्यावर भाषणं देणाऱ्यांना मी हा फोटो दाखवते, कारण दोन शहरांतला फरक आत राहणाऱ्या कुटुंबाच्या छातीत शोधून सापडत नाही. ती हनुकिया आज जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारकात असते. दर हनुक्काला ती पोझ्नरांच्या वंशजांकडे जाते, लावली जाते आणि परत येते. २०२२ च्या डिसेंबरात ती बर्लिनला नेऊन जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी लावली गेली.

बिलिंग्जला तीस वर्षं होऊन गेली आणि प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकेतल्या अँटी डिफमेशन लीग या ज्यूद्वेषविरोधी संस्थेने २०२३ मध्ये ज्यूद्वेषाच्या ८,८७३ घटना नोंदवल्या, २०२४ मध्ये ९,३५४. या मोजणीत इस्रायलविरोधी निदर्शनांमधली कोणती वक्तव्यं धरायची यावर वाद आहे आणि तो रास्त वाद आहे. पण तो बाजूला ठेवला तरी काचा, धमक्या आणि मारहाण उरतेच. इस्रायल सरकारच्या गाझामधल्या कारवाईवर कुणी कितीही कठोर टीका करावी. ती बिलिंग्जमधल्या किंवा बर्लिनमधल्या पाच वर्षांच्या मुलाच्या खिडकीवर करता येत नाही. वर्गात या वाक्यावर दरवर्षी अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्यावा.

लंडनच्या हॅवरिंग भागातल्या नगर परिषदेने २०२३ च्या हनुक्काआधी ठरवलं, की यंदा नगरभवनाबाहेर दीपदंड उभारायचा नाही, वातावरण तापलेलं आहे, आणखी तापेल. बिलिंग्जच्या पोलिसाचाच सल्ला, फक्त लेटरहेडवर. ओरड झाली आणि निर्णय फिरला. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आपल्या लहान मुलाला सजावटीबद्दल काय उत्तर द्यावं या पेचात पडलेल्या एका बापाने शेजाऱ्यांना कागदी हनुकिया लावायला सांगणारा ‘प्रोजेक्ट मेनोरा’ सुरू केला.

पण बिलिंग्जचा उपाय सगळीकडे पुरतो असं मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. २८ डिसेंबर २०१९, न्यूयॉर्कजवळचं मॉन्सी: हनुक्काची सातवी रात्र, रब्बायच्या राहत्या घरात जमलेल्या माणसांवर एकजण कोयत्यासारखं हत्यार घेऊन तुटून पडला. पाच जण जखमी झाले, त्यातले एक पुढे दगावले. ते घरच होतं, मेज होतं, रस्ता नव्हता. १४ डिसेंबर २०२५, सिडनीचा बॉन्डाय किनारा: हनुक्काची पहिली संध्याकाळ, उघड्यावरचा सार्वजनिक कार्यक्रम, गोळीबार, पंधरा जणांचा जीव गेला. एका हल्लेखोराला मागून धरून त्याच्या हातची बंदूक हिसकावून घेणारे अहमद अल अहमद सीरियात जन्मलेले, फळांचं दुकान चालवणारे. दुसऱ्या संध्याकाळी बॉन्डायला पुन्हा दिवा लागला.

विटेविरुद्ध दहा हजार कागद चालतात. बंदुकीविरुद्ध बंदोबस्त लागतो, गुप्तवार्ता लागते, शस्त्रांच्या परवान्यांवर नजर लागते, आणि ही कामं शेजाऱ्यांची नाहीत, सरकारची आहेत. कागद लावून सरकारला मोकळं सोडणारी मोहीम मला मान्य नाही. पण बंदोबस्त आहे म्हणून शेजारी मोकळे, हेही नाही. सिनेगॉगच्या दारात हत्यारबंद पहारा आणि रस्त्यावर कुणी ओळख देत नाही, अशी युरोपातली कितीतरी गावं आहेत. तिथे सण साजरा होतो. पोरं शाळेत जाताना डोक्यावरची ज्यू टोपी खिशात घालतात.

विद्यार्थी विचारतातच, आपल्याकडे? आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगताना छाती फुगवायचा मोह आवरावा लागतो. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. इतर ज्यूंशी त्यांची गाठ पडली तेव्हा त्यांना हनुक्का ठाऊकच नव्हता. त्यावरून ते मक्काबींच्या आधीच मायदेशातून निघाले असावेत असा तर्क केला जातो. सुट्टीच्या वारी तेलाचा घाणा बंद ठेवणं हीच त्यांची ओळख, तीही शेजाऱ्यांनी नाव देऊन स्वीकारलेली. खिडकीत काय ठेवायचं हा पेच त्यांच्यावर शेजाऱ्यांनी आणला नाही. तरी २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चौघे मारले गेले, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला बाहेर काढलं ते त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी. गेटवेजवळ हनुक्काचा दीपदंड लागतो तेव्हा भोवती पोलीस असतात. आणि खिडकीवरून घर ओळखलं जाण्याची भीती आपल्या शहरांत कुणालाच नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माणसं फक्त वेगळी आहेत.

शेवटच्या तासाला मी लेखी काम देते. तुम्ही तो पोलीस आहात. काच फुटून एक तास झालाय, आई समोर उभी आहे, मूल आत आहे. तुम्ही काय बोलाल ते अर्ध्या पानात लिहा. राज्यघटनेची कलमं नकोत, भाषण नको.

बहुतेकजण चित्र काढा किंवा काढू नका यातलं एक लिहितात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याचे वडील पोलिसात आहेत, असं लिहिलं: “ताई, चित्राचं तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. आज रात्री आमची गाडी दारासमोर राहील. मुलाला आज तुमच्या खोलीत झोपवा. आणि मला समोरच्या आणि बाजूच्या चार घरांची नावं द्या, मी जाताना त्यांच्याकडे जाऊन जातो.”

मी त्याला विचारलं, त्या चार घरांत जाऊन काय म्हणणार?

म्हणाला, मॅडम, तेवढंच जमलं नाही. दोनदा लिहून खोडलंय.

मी वहीत बघितलं. खरंच दोनदा खोडलेलं होतं.